थांबणारी मुले, न थांबणारी मुले

घाईघाईने अर्धवट उत्तर देणाऱ्या मुलाला आपण सहज म्हणून जातो, 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!' पण मराठीत आणखीही एक म्हण आहे : 'हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये.' पहिली म्हण धीर न धरणाऱ्याला हसते, तर दुसरी उद्याच्या आशेवर आजचे घालवणाऱ्याला सावध करते. दोन्ही म्हणी अनुभवातूनच आलेल्या. मग थांबणे शहाणपणाचे केव्हा आणि अंगलट येणारे केव्हा? आणि एखादे मूल थांबू शकते, दुसरे थांबू शकत नाही, ते नेमके कशामुळे?

शिक्षकाच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. प्रगतिपुस्तकात आपण 'चंचल आहे', 'संयम कमी', 'मनावर ताबा नाही' असे शेरे लिहितो. जणू संयम म्हणजे उंची किंवा वजन यांसारखी, मुलाच्या अंगात कमीअधिक प्रमाणात असलेली एखादी गोष्ट. असा शेरा मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहतो. तो लिहिण्याआधी मानसशास्त्रातल्या एका अतिशय गाजलेल्या प्रयोगाची पूर्ण गोष्ट माहीत असायला हवी. बहुतेकांना तिचा पहिला अर्धाच माहीत असतो.

एक टेबल, एक घंटी

वॉल्टर मिशेल यांचा जन्म १९३० साली व्हिएन्नात झाला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांचे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आले. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले आणि १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. विद्यापीठाच्या आवारात बिंग नावाची बालवाडी होती. मिशेल यांनी आपले प्रयोग तिथल्या चार-पाच वर्षांच्या मुलांवर केले.

प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. मुलाला एका खोलीत टेबलापाशी बसवायचे. त्याच्या आवडीचा खाऊ त्याला दाखवायचा. कधी बिस्किटे, कधी खारी प्रेट्झेल, तर कधी मार्शमेलो, म्हणजे साखर व जिलेटिनची कापसासारखी मऊ मिठाई. मग सांगायचे, 'मी जरा बाहेर जाऊन येते. मी आपणहून परत येईपर्यंत थांबलास तर तुला हा जास्तीचा खाऊ मिळेल. थांबवेनासे झाले तर ही घंटी वाजव, मी लगेच येईन. पण मग तुला हा थोडाच खाऊ मिळेल.' आणि प्रयोगकर्तीने खोलीबाहेर जायचे. जास्तीत जास्त १५ मिनिटे. चार वर्षांच्या मुलाला १५ मिनिटे म्हणजे केवढा काळ, हे बालवाडीत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

कोणते मूल 'संयमी' आणि कोणते नाही, हे मिशेल यांना ठरवायचे नव्हते. थांबताना मनात काय चालते, हे त्यांना शोधायचे होते. त्यांचा एक अंदाज होता : मिळणारा खाऊ डोळ्यांसमोर असेल तर मुलांना बळ येईल आणि ती जास्त वेळ थांबतील. १९७० साली एबसन यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३२ मुले होती. निकाल अंदाजाच्या बरोबर उलटा निघाला. दोन्ही प्रकारचा खाऊ समोर असताना मुले सरासरी मिनिटभरच थांबली. तोच खाऊ नजरेआड ठेवला, तेव्हा ती सरासरी ११ मिनिटांहून अधिक थांबली.

वय साधारण तेच, बालवाडी तीच, खाऊही तोच. बदलले ते एवढेच, की खाऊ दिसत होता की झाकलेला होता. तेवढ्याने संयम दसपटीहून अधिक वाढला!

नजर झाकली, पण मनाचे काय?

१९७२ मध्ये प्रयोग एक पायरी पुढे गेला. आता खाऊ समोरच होता, पण काही मुलांना सुचवले होते, 'थांबताना गमतीच्या गोष्टींचा विचार कर.' ही मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना काहीच सुचवले नव्हते, ती एक मिनिटही टिकली नाहीत. मग याच्या उलटही करून पाहिले. खाऊ झाकून ठेवला, पण मुलांना त्या खाऊचाच विचार करायला सांगितले. झाकण्याचा सारा फायदा नाहीसा झाला. म्हणजे खरी अडचण डोळ्यांसमोरच्या खाऊची नव्हती, मनात घोळणाऱ्या खाऊची होती.

याहून मजेदार निष्कर्ष १९७५ च्या प्रयोगातून आला. मार्शमेलो किती गोड आणि मऊ लागतो, याचा विचार केला की थांबणे कठीण होते. पण तोच मार्शमेलो म्हणजे आकाशातला पांढरा ढग आहे आणि प्रेट्झेल म्हणजे लाकडाचा छोटा ओंडका आहे, अशी कल्पना करायला सांगितली की थांबणे सोपे होते. वस्तूची चव मनात आणणे म्हणजे तिचा 'तापलेला' विचार आणि तिचा आकार, रंग मनात आणणे म्हणजे 'थंड' विचार, असा फरक मिशेल करत.

खोलीत एकट्या बसलेल्या मुलांनी आपापल्या युक्त्याही शोधल्या होत्या. कुणी हातांनी डोळे झाकून घेतले, कुणी स्वतःशीच गाणे म्हटले, कुणी हातापायांचे खेळ केले, एखाद्याने तर झोपायचा प्रयत्न केला. दात-ओठ खाऊन मोहाशी झुंजणारी मुले जिंकत नव्हती. मोहावरून लक्ष हलवणारी जिंकत होती. लक्ष हलवणे हे कसब आहे आणि कसब शिकता येते, शिकवताही येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या या प्रयोगांतून शिक्षकाच्या कामाचे जर काही निघाले असेल, तर ते हेच.

गाजावाजा झाला तो वेगळ्याच गोष्टीचा

मिशेल यांच्या मुली याच बालवाडीत शिकल्या होत्या. पुढे घरी जुन्या वर्गमित्रांच्या गोष्टी निघत, तेव्हा मिशेल यांच्या लक्षात आले, की जास्त थांबलेल्या मुलांचे बरे चालले आहे. मग त्यांनी प्रयोगातल्या मुलांचा पद्धतशीर पाठपुरावा सुरू केला. १९९० साली शोदा, मिशेल व पीक यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसले, की बालपणी जास्त वेळ थांबलेल्या मुलांना पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत जास्त गुण मिळाले आणि ती ताणही अधिक चांगल्या रीतीने सोसत होती.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. चौथ्या वर्षी मिठाईपुढे पंधरा मिनिटे थांबलात तर आयुष्य सुफळ, असा तिचा अर्थ लावला गेला. व्याख्यानांत, पुस्तकांत, पालकसभांत ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. पण मूळ अहवाल नीट वाचला तर तो फार सावध आहे. प्रयोगात सुमारे साडेसहाशे मुलांनी भाग घेतला होता, पण पाठपुराव्यात माहिती मिळाली ती १८५ मुलांच्या पालकांकडून. त्यातही परीक्षेच्या गुणांशी ठळक संबंध दिसला तो एकाच प्रकारच्या मांडणीत, म्हणजे खाऊ समोर उघडा आणि कोणतीही युक्ती सुचवलेली नाही अशा वेळी. गुण उपलब्ध असलेली अशी मुले होती केवळ ३५. शिवाय ही सारी एका नामांकित विद्यापीठाच्या बालवाडीतली, बहुतांशी प्राध्यापकांची व पदवीधरांची मुले.

२०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती तपासली. या मुलांची कुटुंबे कितीतरी अधिक विविध थरांतली होती. इथे थांबण्याची कमाल मर्यादा सात मिनिटे होती. थांबणे आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध याही मुलांत दिसला, पण पूर्वीच्या मानाने निम्म्याच ताकदीचा. कुटुंबाची परिस्थिती, घरातले वातावरण आणि मुलाची लहानपणीची आकलनक्षमता हिशेबात घेतल्यावर तोही सुमारे दोन तृतीयांशाने घटला. मिठाईच्या कसोटीत जे भविष्य दिसत होते, त्याचा बराचसा भाग मुलाच्या घराचा होता.

याचा अर्थ आत्मसंयमाला महत्त्वच नाही, असा मात्र नव्हे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारांवर मुलांचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बालपणी ज्यांचा आत्मसंयम अधिक होता, त्यांचे बत्तिसाव्या वर्षी आरोग्य व आर्थिक स्थिती अधिक चांगली होती, आणि कुटुंबाची स्थिती व बुद्ध्यंक विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. पण इथला संयम एका टेबलावर पंधरा मिनिटांत मोजलेला नव्हता. तीन ते अकरा वर्षे वयात निरीक्षक, पालक, शिक्षक आणि स्वतः मुले अशा अनेकांकडून पुन्हा पुन्हा माहिती घेऊन तो ठरवला होता. एका प्रसंगावरून मूल ओळखता येत नाही, हा यातला धडा.

हातचे का सोडावे?

आता त्या दुसऱ्या म्हणीकडे वळू. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी एक साधा प्रश्न विचारला. थांबल्यावर जास्त खाऊ मिळेल, असे प्रयोगकर्ती सांगते. पण मुलाने त्यावर विश्वास का ठेवावा? किड यांनी पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केले होते. जिथे हातातली वस्तू केव्हाही कोणी हिसकावून घेऊ शकते, तिथे 'थांब, मग जास्त मिळेल' या वाक्याला किती अर्थ उरतो?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची २८ मुले होती. खाऊच्या आधी त्यांना चित्रे काढायला बसवले. समोर जुने, वापरलेले खडू होते. 'जरा थांबलात तर खूप छान सामान आणून देते,' असे सांगून प्रयोगकर्ती बाहेर गेली. चौदा मुलांसाठी तिने खरोखरच रंगांनी भरलेला ट्रे आणला. उरलेल्या चौदांपाशी ती रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, 'माफ करा, सामान शिल्लकच नाही.' चिकटचित्रांच्या बाबतीतही पुन्हा तसेच घडले. त्यानंतर मार्शमेलोचा प्रयोग झाला.

शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली मुले सरासरी ३ मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे थांबलेली मुले पहिल्या गटात चौदापैकी ९, दुसऱ्या गटात चौदापैकी १. मुलांचे स्वभाव काही अर्ध्या तासात बदललेले नव्हते. समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दाची किंमत तेवढी त्यांना कळली होती. ज्या मुलाने लगेच खाऊ तोंडात टाकला, त्याला उतावळे म्हणायचे की व्यवहारी?

खुद्द मिशेल यांनाही याची चाहूल फार आधी लागली होती. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी त्रिनिदाद बेटावरच्या शाळकरी मुलांपुढे पर्याय ठेवला होता : लहान गोळी आज, किंवा बरीच मोठी गोळी नंतर. तिथल्या वर्गांत आफ्रिकी वंशाची मुले होती, तशी हिंदुस्थानातून मजूर म्हणून नेलेल्यांच्या वंशातलीही. ज्या मुलांचे वडील घरात नव्हते, ती आजची लहान गोळी अधिक वेळा घेत. दिलेला शब्द पाळणारा पुरुष या मुलांनी कमी पाहिला असावा, असा अर्थ मिशेल यांनी पुढे लावला.

सवयीचा वाटाही मोठा असतो. २०१८ सालच्या एका अभ्यासात कॅमेरूनमधील न्सो या शेतकरी समाजातली चार वर्षांची मुले आणि जर्मनीतली मध्यमवर्गीय मुले यांची तुलना केली होती. न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के शेवटपर्यंत थांबली, जर्मन मुलांपैकी सुमारे २८ टक्के. २०२२ मध्ये तर गंमतच दिसली. जपानी मुले खाऊसाठी बराच वेळ थांबली, पण वेष्टनातली भेटवस्तू उघडण्यासाठी तितकी थांबली नाहीत. अमेरिकन मुलांचे नेमके उलट. कारण जपानी घरांत सर्वांना वाढून होईपर्यंत जेवायला सुरुवात करत नाहीत. अमेरिकन घरांत भेटी ठरलेल्या वेळीच उघडायच्या असतात. आपल्याकडेही सगळी पाने वाढून, श्लोक म्हणून झाल्याशिवाय घास न उचलणारे पोर खाऊपुढे सहज थांबेल. तेच पोर बसमध्ये खिडकीची जागा पकडायला सर्वांच्या पुढे धावेल. त्याला संयमी म्हणावे की असंयमी?

स्वभाव की प्रसंग?

हा प्रश्न व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात जुनाच आहे. १९२८ साली हार्टशॉर्न आणि मे यांनी अमेरिकेत दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना लबाडीची संधी मिळेल अशा अनेक परिस्थितींत पारखले : परीक्षेत, खेळात, घरी करायच्या कामात. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणी राहीलच, असे खात्रीने सांगता येत नव्हते. १९६८ साली मिशेल यांनी आपल्या पुस्तकात असे अनेक पुरावे एकत्र मांडले आणि माणसाचे वागणे प्रसंगावर किती अवलंबून असते हे दाखवून मोठा वाद उभा केला. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही मानतात. स्वभावाचे काही धागे दीर्घकाळ टिकतात, पण ते कोणत्या प्रसंगी कसे दिसतील हे परिस्थिती ठरवते.

इच्छाशक्ती म्हणजे थकणारा स्नायू, ही कल्पनाही अशीच लोकप्रिय झाली. १९९८ सालच्या एका प्रयोगात चॉकलेटची बिस्किटे समोर असताना मुळे खायला लावलेल्यांनी नंतर कोडे सोडवण्याचा नाद लवकर सोडला. पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर हीच कल्पना दुसऱ्या कामांतून तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. उलट, ज्यांचा संयम चांगला असतो असे लोक दिवसभर मोहाशी कमी झगडतात, असे जर्मनीतील एका अभ्यासात दिसले. ते मोहाच्या वाटेलाच कमी जातात.

बक्षिसाची दुसरी बाजू

संयम कशासाठी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर प्रेरणेत आहे, आणि तिच्याविषयीचा एक मोलाचा प्रयोग याच बिंग बालवाडीत झाला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडणारी ५१ मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, 'चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल.' काहींना ते अचानक दिले, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेन पुन्हा ठेवले. बक्षीस ठरवून चित्र काढलेल्या मुलांनी मोकळ्या वेळापैकी ९ टक्क्यांहून कमी वेळ चित्रांना दिला. बाकीच्यांनी सुमारे १७-१८ टक्के. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले आणि बक्षीस थांबताच आवडही निम्म्यावर आली. आपणहून वाचणाऱ्या मुलाला पानागणिक गुण देऊ करण्याआधी हे आठवावे.

वर्गात काय करता येईल?

१. दिलेला शब्द पाळावा. 'हे गणित झाले की मैदानावर नेते,' असे म्हटले तर न्यावे. नेता येणार नसेल तर म्हणूच नये. वर्गातला संयम मुलांच्या मनात जमा होतो, तसा तो शिक्षकाच्या शब्दावरही जमा होतो.

२. मोह नजरेआड करावा. खेळाचे साहित्य समोर मांडून 'हात लावू नका' म्हणण्यापेक्षा ते कपाटात ठेवणे सोपे. मोठ्या मुलांच्या अभ्यासाच्या खोलीतल्या मोबाइल फोनलाही हाच नियम लागू.

३. नुसते 'लक्ष दे' न म्हणता युक्ती शिकवावी. १९७६ साली पॅटरसन व मिशेल यांच्या प्रयोगात कंटाळवाणे काम करणाऱ्या मुलांना बोलक्या विदूषकाच्या खोक्याचा मोह घातला होता. 'मी त्याच्याकडे बघणार नाही' असे स्वतःला काय म्हणायचे ते आधी ठरवून दिलेली मुले कामाला अधिक चिकटून राहिली. 'शेजारी बोलू लागला तर मी वहीकडे बघेन,' असे जर-तरचे वाक्य मुलाने स्वतः तयार करावे.

४. हा मिठाईचा प्रयोग वर्गात करून मुलांची क्रमवारी मात्र लावू नये. त्यातून मुलापेक्षा प्रयोगच अधिक कळतो, हे आपण पाहिलेच.

५. शेरा लिहिताना प्रसंग लिहावा. 'संयम कमी' याऐवजी 'गटात काम करताना स्वतःची पाळी येईपर्यंत थांबणे जड जाते. चित्रकलेच्या तासाला मात्र तासभर एका जागी बसतो,' असे लिहिले तर पालकांना काही करता येते आणि पुढच्या वर्गशिक्षकांनाही.

मोहाला आवर घालण्यात ज्याचा मोठा वाटा असतो, तो मेंदूचा कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणजे शाळेत आपल्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाचे हे काम अजून चालू आहे. आपल्या शेऱ्यांत त्याची नोंद चालू काम म्हणूनच व्हावी.